मुन्शीजींचा तिसरा रकाना

मुन्शीजींचा डावा पाय थांबलेला मी कधी पाहिला नाही. ‘पाहिला नाही’ असं जपून लिहितो आहे. ‘त्यांचा पाय कधी थांबतच नसे’ असं लिहिलं असतं, तर त्यांनी त्या वाक्यावर बोट ठेवून विचारलं असतं, "झोपेत पाह्यलास का रे, मुरुडकर?" आणि मला ते वाक्य खोडावं लागलं असतं. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी लिहायला बसलो की ते बोट कागदावर येतंच.

निजामी राजवटीची शेवटची वर्षं होती. मी नांदेडच्या एका कचेरीत नकलनवीस होतो. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या उर्दूत नकला करायच्या आणि संध्याकाळी बोटांची शाई घासत बसायचं. गाव माझं लातूरजवळचं मुरुड, म्हणून कचेरीत सगळ्यांसाठी मी मुरुडकर. आवारात एका मोठ्या लिंबाखाली तीन-चार अर्जनवीस बसत. लोकांची गाऱ्हाणी मराठीतून, तेलुगूतून ऐकायची आणि ती सरकारी उर्दूत उतरवून द्यायची, हा त्यांचा धंदा. त्यांतलं अगदी कडेचं बस्तान मुन्शीजींचं. खरं नाव विनायकराव, पण त्या नावानं त्यांना फक्त पोस्टमन ओळखायचा. अंगात विटत चाललेली काळी शेरवानी, तोंडात लवंग, पुढ्यात उतरतं मेज आणि मेजाखाली तो पाय. मेज हलायचं, दौत हलायची, पण कागदावरची ओळ मात्र सरळ यायची. हे त्यांना कसं जमतं, ते आम्हा कुणालाही कधी कळलं नाही.

त्यांची माझी गाठ पडली ती माझ्याच गाऱ्हाण्यापायी. चार महिने मी नीट जेवलो नव्हतो. आमचे वरिष्ठ पेशकारसाहेब माझ्यावर खार खाऊन आहेत, त्यांना माझ्या जागी आपला भाचा आणायचा आहे, सगळ्यांदेखत ते माझा अपमान करतात, मला ते इथं टिकू देणार नाहीत, तेव्हा माझी बदली लातूरला व्हावी, असा अर्ज मला हवा होता. स्वतःला उर्दू येत असून मी मुन्शीजींकडे गेलो, कारण माझ्या हातून ते रागानं वाकडंतिकडं लिहिलं गेलं असतं. मी एका दमात सगळं बोललो. त्यांनी एक कोरा कागद घेतला, उभ्या दोन घड्या घातल्या आणि उलगडून माझ्यापुढे धरला. कागदाचे तीन रकाने झाले होते.

"आता परत सांग. ह्यातलं तू पाह्यलं किती, ऐकलं किती आन् समजलास किती?"

मी चिडलो, पण सांगत गेलो. पहिल्या रकान्यात एकच ओळ पडली: तीनदा सलाम केला, उत्तर आलं नाही. दुसऱ्या रकान्यात, साहेबांना एक भाचा आहे असं चपराशी म्हणाला. तिसरा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत भरला आणि समासातही गेला. मुन्शीजींनी लवंग या गालातून त्या गालात घेतली. म्हणाले, सरकारला पाहिलेलं लागतं, आणि तुझ्याकडं तीन सलाम आहेत, ते पाठवू का? मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, की मी साहेबांच्या कोणत्या बाजूला बसतो. मी म्हटलं, डाव्या. उद्या उजवीकडं जाऊन सलाम करून बघ, एवढं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मी वळसा घालून उजवीकडून गेलो. पेशकारसाहेबांनी मान वर केली, सलाम घेतला आणि वर माझ्या अक्षराची तारीफ केली. त्यांचा डावा कान गेलेला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चार महिने मी ज्या माणसाचा राग राग करून अन्न टाकलं, त्याला माझा आवाजच पोचला नव्हता. मला हसूही आलं आणि शरमही वाटली. भाच्याचं मात्र खरं निघालं. तो वर्षभरानं आलाच, पण दुसऱ्या टेबलावर.

तेव्हापासून दुपारची सुट्टी झाली की मी लिंबाखाली जाऊन बसू लागलो. हे तीन रकाने मुन्शीजींनी काही पोथीतून काढलेले नव्हते. तरुणपणी ते एका मुन्सिफाच्या हाताखाली होते. तो म्हातारा मुन्सिफ प्रत्येक साक्षीदाराला एकच विचारायचा, "देखा, सुना, या समझ लिया?" समोरचा गडबडला की तिथंच साक्ष बाद. मुन्शीजी म्हणायचे, दुसऱ्यांच्या साक्षी बाद होताना बघून मला घाम फुटायचा, कारण माझ्या डोक्यात सकाळपासून रात्रीपर्यंत जे चालतं, त्यातलं त्या कोर्टात काहीच टिकलं नसतं.

आणि ते खरंच होतं. हा माणूस शांत वगैरे बिलकूल नव्हता. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, गोदावरीवरून परतायला जरा उशीर झाला की यांच्या डोळ्यांपुढे काकू बुडालेल्या असत. छत्री घेऊन निम्म्या वाटेत जायचे, काकू समोरून ओल्या धुण्याचं ओझं घेऊन येताना दिसल्या की छत्री उघडून ऊन किती आहे ते बघितल्यासारखं करायचे. कुणी हाक न मारता निघून गेलं, घरी आलेल्या पाहुण्यानं चहा अर्धा ठेवला, की यांचं डोकं पळत सुटायचं. मग खिशातून कागदाचा कपटा काढायचा, दोन घड्या घालायच्या आणि लिहायला बसायचं. शेरवानीचे दोन्ही खिसे अशा कपट्यांनी फुगलेले असत. काकू म्हणायच्या, "आमच्या घरी धुणं म्हंजी आधी वाचन." आणि वाचून दाखवायच्याही, त्यांच्यादेखत, आम्हा चार लोकांत: ‘पाहिलं, मुरुडकर आज आला नाही. समजलं, मुरुडकरास कॉलरा.’

मी एकदा त्यांना विचारलं, की एवढी युक्ती ठाऊक असून तुमची घालमेल का थांबत नाही. ते चिडले. म्हणाले, थांबायची कुणाला पडलीय? ज्याचं डोकं जागेवर आहे त्याला युक्ती लागतच नाही. "माझं पळतं. पळू दे की. पळून काय बातमी आणतं, ती कोणत्या रकान्यात घालायची, एवढंच माझ्या हातात हाय. एवढं केलं की मी रातच्याला झोपून राहिलो. पह्यले तेही नव्हतं."

त्या दिवसांत नांदेडात अफवांना तोटा नव्हता. एका बाजाराच्या दिवशी लोक एकाएकी पळू लागले, दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या, आमच्या कचेरीतले कारकून मिसलींचे कागद तसेच टाकून उठले. कोण येतंय, किती जण आहेत, हातात काय आहे, सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. मुन्शीजींचं मेज एवढं हललं की दौत कलंडली, हे मी पाहिलं. तरी छत्री काखेत मारून ते वळणापर्यंत गेले आणि खोकत परत आले. धर्माबादेहून मिरचीच्या गाड्या आल्या होत्या, एक बैल उधळला होता, बाकी काही नव्हतं. पण हेही लिहिलं पाहिजे, की पुढे एकदा ते असेच वळणापर्यंत गेले, आले आणि म्हणाले, "पाह्यलं. चला, घरं लावून घ्या." त्या दिवशी आम्ही एकानंही उलट विचारलं नाही. भीती प्रत्येक वेळी खोटी असते असं त्यांनी कधी सांगितलं नाही. ती बघून यावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

या असल्या रीतीनं धंदा काय होणार? शेजारचे अर्जनवीस दोन शिव्यांच्या चार करून झणझणीत अर्ज लिहीत आणि लोक खूश होऊन जात. मुन्शीजींकडून लोक अर्धे वैतागून उठत. भोकरकडच्या कोंडाबाई मला नीट आठवतात. थोराड बाई, काखेत गाठोडं, आवाज असा की कचेरीतल्या आतल्या खोलीत ऐकू जावा. जावेनं आपल्यावर भानामती केली, पेटीतली लुगडी आपोआप जळाली, म्हैस आटली, तेव्हा जावेला सरकारनं बोलावून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मुन्शीजींनी कागदाला घड्या घातल्या.

लुगडी जळालेली पाहिली? पाहिली. म्हैस आटलेली पाहिली? पाहिली. जावेला काही करताना कुणी पाहिलं? कुणीच नाही. मग जाऊ कोणत्या रकान्यात, असं मुन्शीजींनी विचारल्यावर कोंडाबाई कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण कोणता रकाना मोकळा आहे ते दिसत होतं.

"मंग माह्यापाशी काय ऱ्हायलं?"

"जळालेली लुगडी. आन् एक जाऊ."

बाईंनी गाठोडं उचललं आणि शेजारच्या अर्जनविसापुढे जाऊन बसल्या. तिथं त्यांचा अर्ज चांगला दोन पानी झाला. पण तो त्यांनी दिला नाही असं दिसतं, कारण सुगी उलटल्यावर त्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन मुन्शीजींकडे आल्या. घरी गेल्यावर त्यांनी म्हणे जावेला तोंडावर विचारलं होतं. तर जावेचीही दोन लुगडी जळालेली, आणि ती वर्षभर कोंडाबाईंच्या चुलीकडे संशयानं बघत होती. लुगडी कुणी जाळली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण दोघी आता एका जात्यावर दळत होत्या.

कोंडाबाई हे सांगत असतानाच पोस्टमन आला आणि त्यानं मुन्शीजींच्या हातात एक कार्ड दिलं.

इथं एक रीत सांगायला हवी. कार्डाच्या माथ्यावर ‘श्री’ लिहायचा, हे झालं रोजच्या पत्राचं. दुखवट्याच्या कार्डावर ‘श्री’ नसतो. असं कार्ड घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर उभ्यानं वाचायचं, तिथंच फाडायचं आणि आंघोळ करायची. आमच्या घरांत लहान पोरालाही हे ठाऊक असे. मुन्शीजींनी कार्ड पाहिलं आणि ते उभे राहिले. लातूरचं कार्ड होतं. वर ‘श्री’ नव्हता. लातूरला त्यांची एकुलती एक धाकटी बहीण होती, गंगू, सासरी विधवा होऊन राहिलेली.

"गंगू गेली," ते म्हणाले आणि कार्ड फाडायला त्यांनी दोन्ही हातांत धरलं.

मी काही बोलायच्या आत कोंडाबाई शेंगा तशाच पदरात धरून म्हणाल्या, "वाचलं का?"

"वर श्री नाही, बाई."

"मला अक्षर येत न्हाई. तुमी पायलं किती, त्ये सांगा."

मुन्शीजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कार्ड माझ्यापुढे केलं. मी उभ्यानंच मोठ्यानं वाचलं. गंगूच्या म्हाताऱ्या सासूबाई वारल्या होत्या. कार्ड गंगूच्या पुतण्यानं लिहिलं होतं. काकू, म्हणजे गंगू, खुशाल आहेत, आपण येण्याची तसदी घेऊ नये, असं होतं. मी थांबणार होतो, पण खाली अगदी बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या: ‘मागे काका वारले त्या वेळच्या कार्डाच्या शेवटी काकूंनी जे लिहवले होते ते आपणांस रुचले नाही हे त्या समजून आहेत. त्याबद्दल मनात काही ठेवू नये असे त्यांनी सांगितले आहे.’

कोंडाबाई खूश झाल्या. बाई जिती आहे म्हणाल्या, शेंगा मेजावर ओतल्या आणि गेल्या. मुन्शीजी मात्र उभेच होते. शेवटी काय लिहवलं होतं, असं त्यांनी मलाच विचारलं. मला काय ठाऊक असणार.

"मी दोनच ओळी वाचल्या होत्या, मुरुडकर. अमुक तिथीला दाजी गेले, एवढं. फाडलं आन् नदीवर गेलो."

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट होती ती. पुढचे काही दिवस त्यांनी मला ती तुकड्यातुकड्यानं सांगितली, कधी उठून चालत, कधी अर्जाच्या मध्येच थांबून. दाजी गेल्यावर ते लातूरला निघाले, पण पावसाचे दिवस होते, वाटेत पूर, मोटारी बंद. पोचले ते थेट तेराव्याला. गंगू माजघरात एका ट्रंकेवर बसलेली होती. तिनं वर पाहिलं नाही. पानं वाढली होती म्हणून हे जेवले, घरातल्या चार माणसांशी बोलले आणि शेवटी तिच्यापुढे जाऊन ‘येतो’ म्हणाले. ती ‘बरं’ म्हणाली. मी उशिरा आलो म्हणून ती रागावली, असं ते समजले. त्यानंतर दोन्हीकडून नुसती रिवाजाची कार्डं. दर भाऊबीजेला हे कपडे करून मोटारीच्या अड्ड्यापर्यंत जायचे. तिला आपण नको असू तर, असं मनात यायचं, आणि परत फिरायचे. अकरा भाऊबीजा अशा गेल्या होत्या. जगाला तीन रकाने करायला लावणाऱ्या माणसानं स्वतःच्या बहिणीसाठी एकदाही कागदाला घडी घातली नव्हती. मला हे कळलं तेव्हा खरं सांगतो, त्यांचा राग आला.

आता मात्र कपटेच कपटे निघू लागले. आज म्हणायचे, तिनं तळतळाट लिहवला असेल. उद्या म्हणायचे, माहेरच्या भांड्यांतला वाटा मागितला असेल. परवा म्हणायचे, पुन्हा तोंड दाखवू नकोस असं लिहिलं असेल. पहिला रकाना कोरा आणि तिसऱ्यात रोज नवी भर. अर्जांत चुका व्हायला लागल्या. एकदा त्यांनी फिर्यादीचं नाव आरोपीच्या जागी लिहिलं आणि मी ते वेळीच पाहिलं म्हणून निभावलं. शेवटी काकूंनीच मला गाठलं. तू नाहीतरी रजा काढून मुरुडला जाणार आहेस, तर यांना लातुरापर्यंत घेऊन जा आणि दारात नेऊन सोड, म्हणाल्या. "न्हाई तर ते अड्ड्यावरून परत येतील. मला ठावं हाय."

मोटारीत ते खिडकीशी बसले आणि सारखे बोलत राहिले. लोहा गाव मागे पडलं, तशी त्यांना घरी कुलूप नीट लावलं का याची काळजी सुरू झाली, काकू घरात असताना. अहमदपूरला मोटार थांबली तेव्हा छत्री घेऊन खालीच उतरले आणि म्हणाले, मी इथून परत जातो. मला काय करावं सुचेना. मग मी माझ्या खिशातला रजेचा कागद काढला, त्याच्या पाठीमागच्या बाजूला दोन घड्या घातल्या आणि त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, तेराव्याला तुम्ही पाहिलं काय, तेवढंच सांगा.

मला वाटलं ते छत्री उगारतील. पण ते पुन्हा येऊन बसले आणि डोळे मिटून सांगू लागले. माजघर. कोपऱ्यात समई. गंगू ट्रंकेवर बसलेली. मान खाली. हात मांडीवर. रागावलेली, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि स्वतःच मान हलवून तो शब्द टाकून दिला.

"ट्रंक कसली होती?" मी विचारलं.

"पत्र्याची. लग्नात मीच घेऊन दिलेली. हिरवी. तिला..." ते थांबले. डोळे उघडले. "तिला दोरी बांधलेली होती, मुरुडकर."

मोटार सुरू झाली. ते खिडकीकडे वळले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरात ठेवायच्या ट्रंकेला कोण दोरी बांधतं?" लातूर येईपर्यंत ते पुन्हा बोलले नाहीत. एवढा वेळ गप्प बसलेले मुन्शीजी मी त्या एकदाच पाहिले.

गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळच्या एका बोळात घर होतं. मी त्यांना दारात सोडून निघणार होतो, पण त्यांनी माझी बाही धरून ठेवली, म्हणून मला ओसरीवर बसावं लागलं. गंगूबाई तिथंच सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. केस पिकलेले, डोळे अगदी भावासारखे. दादाला पाहून त्या उठल्या नाहीत, ‘ये’ म्हणाल्या आणि पुतणसून पाणी घेऊन येईपर्यंत खडे वेचत राहिल्या. मुन्शीजींनी हालहवाल विचारली नाही, सासूबाईंचंही काही विचारलं नाही.

"गंगू, दाजींच्या वेळचं ते कार्ड मी पुरतं वाचलंच नव्हतं."

"किती वाचलंस?"

"दोन ओळी. मग फाडलं."

गंगूबाईंनी सूप खाली ठेवलं. मला वाटतं त्यांना आधी ते खरंच वाटलं नाही. मग त्या आतल्या दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "शेवटी लिहवलं होतं, मला घेऊन जा. सासूबाईंपुढं तू काही बोलू नको, वाद होईल. आलास की नुसती ट्रंक उचल, मी मागं येते."

मुन्शीजी माजघराच्या दाराकडे बघू लागले.

"तू आलास. जेवलास. मी त्या ट्रंकेवरच बसून होते, दादा. तू ‘येतो’ म्हणालास. मी समजले, दादानं वाचलं आन् त्याला मी जड झाले."

"मी समजलो, तू रागावलीस."

यावर गंगूबाई हसल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. "अकरा वर्षं," एवढं म्हणाल्या. मी उठून बाहेर बोळात गेलो. माझंही काही खरं नव्हतं. दोन माणसं, एकमेकांवर जीव असलेली, एका कार्डाच्या उरलेल्या चार ओळींपायी अकरा वर्षं स्वतःला नकोशी समजत बसली होती, आणि त्यांना विचारायचा प्रश्न त्यांच्याच घरात जन्मभर घोकला जात होता. कुणावर चिडावं तेच कळेना.

परत ओसरीवर आलो तेव्हा मुन्शीजी ‘आता चल’ म्हणून मागे लागले होते आणि गंगूबाई नको म्हणत होत्या. आता सासूबाई गेल्या, घरात मोठी मीच, पुतण्यांची लेकरं माझ्याच अंगाखांद्यावर, आता कुठं येऊ, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा यायचं होतं, आता न्हाई, हे त्यांनी न रागावता सांगितलं. मुन्शीजींनी विचारलं, ट्रंक कुठं आहे? माळ्यावर होती. आणि दोरी? दोरी केव्हाच धुणं वाळत घालायला घेतली होती. अंगणात तिच्यावर लहान मुलांची झबली वाळत होती.

"भाऊबीजेला येत जा," निघताना त्या म्हणाल्या. "आन् कार्ड पुरतं वाच."

मुन्शीजी यानंतर बदलले म्हणावं, तर तसं काही दिसलं नाही. पाय हलतच होता, खिसे फुगलेलेच होते. फक्त लिंबाखालच्या लोकांना आता ते एक जादा प्रश्न विचारू लागले: "पुरतं पाह्यलं का?" भाऊबीजेला ते दोन दिवस आधीच लातूरला जाऊन बसत. गंगूबाई दोनदा नांदेडला येऊन महिना महिना राहिल्या. दोघं भावंडं ओट्यावर बसून कडाकडा भांडत, आमटीत गूळ किती यावरून, लहानपणी विहिरीत तांब्या कुणी पाडला यावरून. काकू मला म्हणाल्या, हे भांडून आले की रात्री गाढ झोपतात. झालेलं काही भरून आलं नव्हतं. अकरा वर्षं गेली ती गेलीच. पण त्या वर्षांचा जो अर्थ दोघांनी मनात धरून ठेवला होता तो खोटा निघाला, आणि तेवढ्यावर मी दोन म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यांत फरक पडलेला पाहिला. माझ्यात किती पडला ते माझ्या बायकोला विचारावं लागेल.

पुढे माझी बदली झाली, मी जिच्यासाठी एकदा अर्ज करणार होतो ती, लातूरला. सकाळी मोटारीच्या अड्ड्यावर सामान घेऊन आलो, तर मुन्शीजी तिथं आधीच उभे. मला वाटलं, मला निरोप द्यायला आले. त्यांनी शेरवानीच्या खिशातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. वर ‘श्री’ नव्हता. ते फाडलेलं नव्हतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं, मग वाचलं. पहिल्या दोन ओळींत गंगूबाई गेल्याचं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते म्हणाले, "पुरतं वाच." खाली पुतण्यानं लिहिलं होतं: ‘दोन ओळींवर दादाने थांबू नये असे काकूंनी मुद्दाम लिहावयास सांगितले होते. त्यांची ट्रंक मोटारीने पाठवीत आहोत. दादाने येऊन उचलावी, अशी त्यांची इच्छा.’

लातूरची मोटार आली ती तासभर उशिरा. टपावरून हिरवी पत्र्याची ट्रंक खाली आली. तिला नवी दोरी बांधलेली होती. हमाल धावला, त्याला मुन्शीजींनी हातानं थांबवलं. मी पुढे झालो, तर मलाही. त्यांनी छत्री माझ्याकडे दिली, वाकले आणि ट्रंक एकट्यानं उचलली. साठीच्या पुढचा माणूस. पाच-सहा पावलं गेले आणि टेकवली. मग तिच्यावरच बसले. मी छत्री त्यांच्या हातात दिली, पाया पडलो. ते ‘बरं’ म्हणाले.

माझी मोटार सुटली तेव्हा मी खिडकीतून मागे पाहिलं. गर्दीत ते ट्रंकेवर बसले होते, मान खाली, हात मांडीवर. टाच पत्र्यावर आपटत होती आणि तो आवाज मला लांबपर्यंत ऐकू येत राहिला, असं लिहिणार होतो. पण मोटारीच्या घरघरीत आवाज आला नाही. पाय हलत होता, एवढं मी पाहिलं.